रिकामा परत येणारा डबा

सकाळी सहाला तव्यावरून उतरलेली पोळी कुणालाही आवडते. कढईतल्या भाजीचा वास तेव्हा घरभर पसरलेला असतो, आपण चव घेतो, मीठ-तिखट बघतो आणि समाधानाने डबा भरतो. मूल मात्र तो डबा चार-पाच तासांनी उघडतं. तोवर पोळी गार झालेली असते, भाजीचं पाणी सुटलेलं असतं, काकडी मऊ पडलेली असते. शेजारी मित्राच्या डब्यात काय आहे तेही दिसत असतं आणि मैदानावर खेळ सुरू झालेला असतो. डबा अर्धा परत येण्याची बरीचशी कारणं इथे सापडतात. म्हणून डब्यात काय द्यायचं हे ठरवताना आधी एक प्रश्न विचारा : हा पदार्थ मोठ्या सुट्टीत कसा लागेल?

याचं उत्तर मिळवायचा सोपा उपाय आहे. डबा भरताना अर्धी पोळी आणि चमचाभर भाजी एका छोट्या डबीत घालून झाकण लावा आणि ओट्यावर ठेवून द्या. दुपारी, मूल जेवतं त्या सुमाराला, तसंच गार खाऊन बघा. नोकरीवर जात असाल तर स्वतःच्या डब्यातलं गरम न करता खा. कोणता पदार्थ टिकतो आणि कोणता फसतो, हे आठवड्याभरात लक्षात येईल.

आधी शाळेची वेळ बघा

सकाळच्या शाळेतलं मूल बहुधा दूध पिऊन, फार तर एखादं बिस्किट खाऊन निघतं. त्याचा डबा म्हणजे न्याहारी आणि अर्धं जेवण. दुपारच्या शाळेतलं मूल घरून जेवून जातं. त्याला तीन-साडेतीनला पोळीभाजी जड होते, धिरडं, उपमा किंवा लाडू-फळ पुरतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, अशी सूचना राज्य सरकारने २०२४ मध्ये काढली. त्यानंतर मुलाच्या शाळेची वेळ बदलली असेल, तर जुन्या वेळेच्या हिशेबाने ठरलेला डबाही एकदा तपासायला हवा.

छोट्या सुट्टीसाठी वेगळी लहान डबी द्या. ही सुट्टी दहा मिनिटांची असते. हात धुणं, रांग, गप्पा यांतून पाच मिनिटं उरतात. त्यात हाताने उचलून खाता येईल असंच हवं : फळाच्या फोडी, भाजलेले चणे, राजगिऱ्याची वडी, चुरमुऱ्यांचा चिवडा. चमच्याने खायचे पदार्थ मोठ्या सुट्टीला ठेवा.

किती द्यायचं?

पालक बहुतेक वेळा स्वतःच्या भुकेच्या मापाने डबा भरतात. एक चांगलं माप सरकारी शाळांच्या पोषण आहार योजनेत तयार मिळतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं त्यात ठरलेलं आहे. लहान गटासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं शिध्याचं प्रमाण आहे. सगळी वजनं कच्च्या जिनसांची.

घरच्या भाषेत सांगायचं तर तिसरीतल्या मुलासाठी दोन मध्यम पोळ्या, त्यांना लावलेलं चमचाभर तूप, छोटी वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ, चमचाभर दाण्याची चटणी आणि एक लहान फळ एवढ्यात हा हिशेब जवळपास पूर्ण होतो. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिनांची धरतात. म्हणजे चांगला डबा दिवसाच्या पाव हिश्श्याहून अधिक ऊर्जा आणि निम्मी प्रथिनं देऊन जातो. त्याहून जास्त कोंबण्याची गरज नाही. ठासून भरलेला डबा बघूनच लहान मूल दमतं, आणि घरी आल्यावर उरलेल्या अन्नावरून बोलणी खातं ते वेगळंच.

पोळी मऊ कशी राहील?

डब्यातल्या पोळीचे दोन शत्रू आहेत : वाफ आणि कोरडेपणा. गरम पोळी थेट डब्यात घालून झाकण लावलं, की वाफेचं पाणी होऊन पोळी ओली आणि चिकट होते. उघड्यावर फार वेळ राहिली, तर कडा कडक होतात. पोळ्या तव्यावरून काढल्या की तूप लावून सुती फडक्यात ठेवा, वाफ जिरू द्या आणि कोमट असतानाच डब्यात भरा. कणीक सैलसर भिजवावी, तेलाचा हात लावून निदान वीस मिनिटं मुरू द्यावी. घडीच्या पोळीला आतून तेल असतं, म्हणून ती फुलक्यापेक्षा डब्यात चांगली राहते.

दुधात कणीक भिजवून केलेली दशमी प्रवासात नेण्याची रीत जुनी आहे, आणि ती डब्यालाही तितकीच उपयोगी पडते. दशमी गारही मऊ लागते आणि तिच्याबरोबर कोरडी चटणी पुरते. मेथी, पालक किंवा किसलेला दुधी घालून केलेल्या पराठ्याच्या पिठात थोडं दही घातलं, तर तोही दुपारपर्यंत चिवट होत नाही. पुरी मात्र डब्यात बहुधा निराशाच करते; गार झाली की चामट होते आणि तेलकट हात वहीला लागतात.

बोटांत मावेल अशा आकाराचाही फायदा होतो. पहिली-दुसरीतल्या मुलाला एका हाताने पोळी तोडून भाजी उचलणं जमतंच असं नाही. त्याला भाजी आत घालून केलेली घट्ट सुरळी द्या, किंवा तळहाताएवढ्या तीन पोळ्या करा. थालीपीठही मोठं एक करण्यापेक्षा छोटी दोन लावावीत, आणि डब्यासाठी नेहमीपेक्षा किंचित जाड ठेवावीत. पातळ थालीपीठ गार झाल्यावर वातड होतं.

भाजी : कोरडी, पण घशाशी न अडकणारी

रस्सा सांडतो आणि पोळी भिजवतो, म्हणून सुकी भाजी हवी हे सगळ्यांना माहीत असतं. पण अगदी कोरडी भाजी गार झाली की घास फिरतो. यावर आपल्याकडे पीठ पेरून भाजी करण्याची उत्तम रीत आहे. सिमला मिरची, मेथी, कोबी किंवा कांद्याच्या पातीला बेसन लावलं, की सुटलेलं पाणी पीठ धरून ठेवतं, भाजी ओलसर राहते आणि डाळीची प्रथिनंही मिळतात. कोबीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, फरसबीत दाण्याचं कूट, दुधीत मुगाची डाळ ही जोडकामं याच कामाची आहेत. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करून चिरावी आणि परतताना आमसूल घालावं, म्हणजे ती दुपारीही चिकट लागत नाही.

मीठ काकडी-टोमॅटोचं पाणी काढतं; म्हणून कोशिंबीर डब्यात देऊ नये, गाजराच्या आणि काकडीच्या कांड्या मीठ न लावता द्याव्यात. कच्चा कांदा टाळावा. बंद डब्यात त्याचा वास सगळ्या पदार्थांना लागतो, आणि वर्गात नाकं मुरडली गेली की मूल पुन्हा डबा उघडायला कचरतं.

न आवडणारी भाजी किसून पराठ्यात घालण्याची युक्ती पोषणापुरती चांगली आहे. पण सगळ्याच भाज्या लपवल्या, तर मुलाला त्यांची ओळख होणार कधी? दुधीचा पराठा दिला, तरी कोपऱ्यात दोन चमचे परतलेली फरसबी दिसू द्या. नवा पदार्थ आवडायला तो आठ-दहा वेळा समोर यावा लागतो, असा बालआहाराच्या क्षेत्रातला अनुभव आहे. एकदा परत आला म्हणून तो कायमचा बाद करू नका. महिन्याभराने, वेगळ्या रूपात, थोडासाच पुन्हा द्या. पहिली ओळख मात्र घरी, जेवताना करून द्यावी. भुकेच्या वेळी, घरापासून दूर, संपूर्ण अनोळखी डबा उघडायला लावणं बरं नाही.

प्रथिनांची जागा रिकामी राहते

बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळी, जॅम आणि ब्रेड, साबुदाण्याची खिचडी हे डबे मुलं आवडीने संपवतात. त्यांत पोट भरतं, प्रथिनं मात्र थोडी असतात. रोजच्या डब्यात डाळ, कडधान्य, दाणे, दूध-दही किंवा अंडं यांतलं एक तरी आहे ना, एवढं बघा. तीस ग्रॅम कच्च्या मुगांतून सुमारे सात ग्रॅम, एका अंड्यातून सहा ग्रॅम आणि वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात.

धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातली उणीव दुसरी भरून काढते. भाजणीत हे काम आधीच झालेलं असतं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद भाजून दळलेलं पीठ म्हणजे धान्य-डाळींचं तयार मिश्रण. त्यात किसलेला दुधी किंवा पालक घातला की पूर्ण जेवण झालं. मूगडाळ भिजवून वाटलेलं धिरडं, पाटवडी, वाफवलेली कोथिंबीर वडी, मूग-तांदळाची इडली हे गारही चांगले लागणारे पदार्थ आहेत. अंडं चालत असेल तर उकडून देण्यापेक्षा पोळीवर ओतून, सुरळी करून द्या. उकडलेल्या अंड्याचा वास बंद डब्यात उग्र होतो. काही शाळांत अंडं-मासे आणायला मनाई असते, तेवढं आधी विचारून घ्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं देऊ नयेत. घशात अडकण्याची भीती असते. दाण्याचं कूट किंवा लाडू द्या, द्राक्षं उभी चिरून द्या. वर्गात एखाद्या मुलाला दाण्यांची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर शाळा कळवते. आपल्या मुलाला असेल तर शिक्षकांना लेखी कळवा आणि डबा वाटून खाताना काय घ्यायचं नाही, हे मुलालाही पाठ करून द्या.

लोह आणि लिंबू, नाचणी आणि तीळ

मुलांच्या आहारात लोहाची कमतरता मोठी आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलग्याला दिवसाला १६ मिलिग्रॅम लोह लागतं, तर त्याच वयाच्या मुलीला २८. तरीही डब्यात मोठा वाटा मुलाला, लहान मुलीला, असा जुना हिशेब काही घरांत अजून चालतो. तो मोडायला हवा. पालेभाज्या, कडधान्यं आणि बाजरीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं तर ते जास्त शोषलं जातं. म्हणून उसळीवर लिंबू पिळा, पालकाच्या पराठ्याबरोबर पेरूच्या फोडी द्या. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, शिवाय तो स्वस्त असतो आणि डब्यात दबला तरी बिघडत नाही. डब्याबरोबर किंवा घरी आल्या आल्या चहा देऊ नका; चहा लोहाचं शोषण अडवतो.

हाडांसाठी कॅल्शियम लागतं, आणि १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शाळेत नाचणीची काळपट भाकरी नेताना मूल लाजत असेल, तर जबरदस्ती करू नका. गव्हाच्या कणकेत चौथा हिस्सा नाचणी मिसळा, किंवा नाचणीचे लहान लाडू आणि घावन करा. तिळाची चटणी हीही कॅल्शियमची सोपी सोय आहे. गूळ चांगला म्हणून हात सैल सोडू नका. गूळसुद्धा साखरच आहे, गोड पदार्थ लहान हवा.

भाताचा डबा जपून

तांदळात असलेले काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात घालू नका. उरलेला भात रात्रीच, गार होताच, फ्रिजमध्ये गेलेला असेल तरच सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून वापरा. डब्यासाठी सकाळी केलेला भात सर्वांत बरा, आणि त्यातही लिंबू-भात किंवा दहीभात, कारण आंबटपणामुळे जिवाणूंची वाढ मंदावते.

दहीभाताची एक जुनी युक्ती आहे. कोमट भात दुधात कालवून त्यात चमचाभर ताजं दही घाला. मोठ्या सुट्टीपर्यंत दूध विरजतं आणि भात आंबट न होता मऊसर लागतो. वर कढीपत्ता-जिऱ्याची फोडणी आणि डाळिंबाचे दाणे. एप्रिलच्या उन्हात डबा दप्तरात पाच-सहा तास राहणार असेल, तर मात्र भात, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पनीर टाळून पोळी, दशमी, थालीपीठ यांवर भर द्या. चटणी हवीच असेल तर दाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी टिकते.

डबा, बाटली, रुमाल

स्टीलचा डबा सर्वांत सोयीचा; वास धरत नाही, गरम पदार्थ घालता येतो. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम अन्न भरू नये. लिंबू किंवा टोमॅटो असलेला पदार्थ ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळू नका. वर्तमानपत्रात तर काहीच बांधू नका; शाईतली घातक द्रव्यं अन्नात उतरतात, असा इशारा देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिला आहे.

नवा डबा आणला की तो मुलाला स्वतः उघडायला आणि लावायला सांगा. झाकण घट्ट बसतं म्हणून उपाशी राहिलेली आणि बाईंना सांगायला लाजलेली लहान मुलं असतात. झाकणाची रबरी कडी आणि बाटलीचं तोंड दर दोन-तीन दिवसांनी सुटं करून घासा. काळी बुरशी तिथेच धरते. डबा घरी आल्या आल्या पाणी भरून ठेवणं आणि रात्री उघडा वाळवणं हे काम दुसरीपासूनचं मूल करू शकतं.

पाकिटांचं काय?

इन्स्टंट नूडल्स, क्रीमची बिस्किटं, वेफर्स मुलांना माहीत आहेत आणि मित्रांच्या डब्यात दिसणारच. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये देशपातळीवर झाला. पण तुम्ही पाकीट डब्यात घालून दिलंत तर तो नियम काही कामाचा नाही. पूर्ण बंदीने ओढ वाढते. महिन्यातून एखाद्या दिवशी आवडीचा खाऊ ठरवून द्या, आणि तो चांगल्या वागण्याचं बक्षीस म्हणून देऊ नका. बक्षीस झालेला खाऊ मुलांना पोळीभाजीपेक्षा मोठा वाटू लागतो.

आठवडा असा आखा

सोमवार : घडीची पोळी, मटकीची कोरडी उसळ, छोट्या सुट्टीला पेरू.
मंगळवार : भाजणीची छोटी थालीपीठं, लहान डबीत घट्ट दही, केळं, पण डब्याबाहेर, सालीसकट.
बुधवार : गाजर घातलेलं मूगडाळीचं धिरडं, दाण्याची चटणी, संत्र्याच्या फोडी.
गुरुवार : पोळी, पीठ पेरलेली सिमला मिरची, राजगिऱ्याची वडी.
शुक्रवार : इडलीचे फोडणी दिलेले तुकडे, त्यात मटार; भाजलेले चणे.
शनिवार : अर्धा दिवस, म्हणून मटार-दाण्यांचे पोहे, लिंबाची फोड, किंवा मूल सांगेल ते.

रविवारी दोन कोरड्या चटण्या कुटून ठेवा आणि राजगिऱ्याच्या वड्या करा. कडधान्य शनिवारी रात्री भिजवलं, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधलं, तर सोमवारी सकाळी मोड तयार असतात; उरलेली मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. भाजी आदल्या रात्री निवडून चिरली आणि कणीक भिजवून झाकून फ्रिजमध्ये ठेवली, की सकाळचं काम अर्ध्या तासात आटोपतं. हे काम आईनेच करावं असं कुठे लिहिलेलं नाही. भाजी एकाने, पोळ्या दुसऱ्याने, आणि डबा भरणं मुलाने, अशी वाटणी करता येते.

परत आलेला डबा वाचा

डबा उरला की "का नाही खाल्लंस?" हा प्रश्न मुलाला कोपऱ्यात पकडतो आणि उत्तर येतं, "आवडलं नाही." आधी डब्यात काय उरलंय ते बघा. पोळीच्या कडा उरल्या, तर ती कोरडी झाली होती. पोळी संपली आणि भाजी तशीच, तर भाजी ओली, वासाची किंवा तिखट झाली असेल. सगळं थोडं थोडं उरलं, तर माप जास्त आहे. काहीच उघडलेलं नाही, तर वेळ पुरला नाही, झाकण निघालं नाही किंवा कुणी काही बोललं. मग त्या दिशेने विचारा : "वेळ मिळाला का? कुणाबरोबर बसला होतास?"

उत्तरावर आपला बदल एका वेळी एकच ठेवा. या आठवड्यात माप कमी करा, पुढच्या आठवड्यात पोळीऐवजी दशमी देऊन बघा. सगळं एकदम बदललं, तर नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. संपलेल्या डब्यांपुढे मुलाने स्वतः खूण करावी. महिनाअखेरीला त्या यादीतले दहा-बारा पदार्थ तुमच्या घराचा पक्का डबा ठरतील, आणि सकाळी सहाला "आज काय द्यायचं?" हा प्रश्न पडायचा थांबेल.